शालीला लागलेली कसर

आई गेल्यावर किनवटचं घर वडलांना खायला उठलं, म्हणून आम्ही त्यांना नांदेडला आमच्याकडे आणलं. मी एकुलती एक. त्यांना लहानपणापासून दादा म्हणते. तीस वर्षं ते किनवटकडच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहाचे अधीक्षक होते. येताना त्यांनी सामान म्हणून एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी एवढंच आणलं. ट्रंकेत कपडे कमी आणि शाली जास्त. नोकरीत कोणी पाहुणा आला, कुठला कार्यक्रम झाला की शाल-श्रीफळ ठरलेलं. नारळ खाऊन संपले, शाली उरल्या. वीसेक तरी असतील, अजून घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

एक शाल मात्र ट्रंकेत नव्हती. ती ते उशीखाली ठेवायचे, आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून.

त्या शालीची हकीकत अशी. दादा निवृत्त झाले त्या वर्षी करोनामुळं सगळं बंद होतं. शाळा बंद, मुलं घरी गेलेली, निरोपाचा कार्यक्रम कोण करणार? शेवटच्या दिवशी ते किल्ल्या देऊन मुकाट्यानं घरी आले. आईनं त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं आणि मला व्हिडिओ कॉल लावून फोन तुळशीच्या कट्ट्यावर उभा केला. चित्र सारखं अडकायचं, पण मी पाहिलं. तिनं अंगणातल्या शेवंतीचा हार त्यांच्या गळ्यात घातला आणि खांद्यावर शाल पांघरली. गाठोडं घेऊन हिवाळ्यात येणाऱ्या काश्मिरी शालवाल्याकडून तिनं ती कधीतरी घेऊन ठेवली होती. मग पदर सावरून तिनं भाषण केलं. "अधीक्षक साहेबांनी तीस वर्षं दुसऱ्याची लेकरं सांभाळली. घरी कमी राहिले, त्याची तक्रार न्हाई. आता नारळ फोडून खाऊ." एवढंच भाषण. दादा खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. त्यानंतर दीडेक वर्षांनी आई गेली.

तर दादा आमच्याकडे आले. चार वर्षांची आमची लेक त्यांच्या अंगाखांद्यावर खेळायला लागली. तिला ते 'चिमणे' म्हणायचे. पहिला हिवाळा चांगला गेला. दुसऱ्या हिवाळ्यात, माघ संपता संपता, त्यांच्या मानेवर लाल पुरळ दिसायला लागलं. मग मनगटावर, मग पोटावर. सकाळी उठले की खाजवत बसायचे.

"ढेकूण असतील हो," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "गावाकडचं सामान आलंय ना."

ढेकूण म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. फवारणीवाल्याला बोलावलं. दोन दिवस घरभर औषधाचा वास. दादांची कापसाची गादी उचलून टाकून दिली. टाकण्याआधी मी तिच्या शिवणीत सुई घालून घालून पाहिलं. ढेकणाचे काळे ठिपके असतात, रक्ताचे डाग असतात. काहीच नव्हतं. एकसुद्धा ढेकूण सापडला नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. सजीवांचं वर्गीकरण दरवर्षी फळ्यावर लिहिते. तिथंच थांबून विचार करायला हवा होता की नाहीच सापडला, तर मग हे आहे काय? पण मला लवकर मिटवायचं होतं.

पुरळ जाईना. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी लांबूनच पाहून खरूज असेल म्हणून सांगितलं आणि घरातल्या सगळ्यांनाच लावायला मलम दिलं. आम्ही चौघं गळ्यापासून पायापर्यंत मलम फासून बसलो. दोन आठवडे गेले, फरक पडला नाही. आणि एके सकाळी लेकीच्या दंडावर तसेच तीन-चार ठिपके दिसले.

त्या दिवशी मला शाळेला उशीर होत होता. डबा भरता भरता मी बोलून गेले, "दादा, ती ट्रंक आल्यापासूनच हे सुरू झालंय. किनवटहूनच आलंय काहीतरी."

खरं तर ट्रंक येऊन वर्ष उलटलं होतं. पण बोलताना कोण हिशेब लावतं. दादा चहा पीत होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "असंल."

संध्याकाळी घरी आले तर त्यांनी स्वतःचं ताट, वाटी, पेला वेगळा काढून गॅलरीत ठेवला होता. खुर्चीही तिकडेच नेली होती. टॉवेल वेगळ्या दोरीवर. मी म्हटलं, "दादा, हे काय?"

"असू दे. मला हवा लागते तिथं."

लेक धावत गेली की ते दोन्ही हात पुढे करून तिला थांबवायचे. "लांबून, चिमणे, लांबून." तिला वाटलं हा नवा खेळ आहे. मग ती घरभर सगळ्यांना तसंच करायला लागली. तिचा बाप ऑफिसातून आला की दारातच दोन हात पुढे, "लांबून! लांबून!" आणि खो खो हसायची. दादाही हसायचे. माझ्या तोंडून मात्र 'चुकलं माझं' निघालं नाही. मनात कुठंतरी वाटत होतंच की आणलं असेल यांनीच काहीतरी.

एका रविवारी सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, किनवटची गाडी आता किती वाजता असती?"

"कशाला दादा?"

"जाऊन येतो जरा. पाडव्यापर्यंत राहतो."

"तिथं कोण आहे?"

"घर हाय की."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. दादा पायात चप्पल घालून रोजच्यासारखे गोदावरीच्या घाटाकडे फिरायला निघून गेले. मी त्यांच्या खोलीत गेले. रागच आला होता मला, कोणाचा ते कळत नव्हतं. चादर ओढून काढली, उशी उचलली आणि खालचं ते गुंडाळलेलं लुगडं बाहेर काढून सोडलं.

लुगडं धडधाकट होतं. आतल्या शालीची चाळण झालेली होती. घडीवर घडी होती तिथं एकाखाली एक भोकं, कुठं ज्वारीच्या दाण्याएवढी, कुठं बोट जाईल एवढी. शाल झटकली तशी पांढऱ्या चादरीवर बारीक काहीतरी सांडलं. जिऱ्याच्या टरफलासारखं, तपकिरी, पोकळ. त्यातच एक जरा जाड होतं, अंगावर केस असलेलं. मला आधी लोकरीचा गोळा वाटला. खिडकीकडे नेऊन पाहिलं तर तो गोळा हळूच चालायला लागला.

मी ट्रंक उघडली. वीसच्या वीस शाली एकेक करून पाहिल्या, जरीच्या, गुलाबी, राखाडी, फुलाफुलांच्या. एकीलाही भोक नव्हतं.

होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली घरात होती. ती अळी मी कागदानं उचलून बाटलीत घातली. शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधलं आणि नवऱ्याला म्हटलं, "दादा आले तर त्यांना कुठं जाऊ देऊ नका. मी आले तासाभरात."

जुन्या नांदेडात एका गल्लीच्या तोंडाशी रफूवाले चाचा बसतात. माझ्या लग्नातला शालू खिळ्याला अडकून फाटला होता, तो त्यांनीच असा जोडला की फाटला कुठं होता ते मला आता शोधूनही सापडत नाही. मनात एवढंच होतं की दादांना कळायच्या आत शाल दुरुस्त व्हावी. मी पिशवीची गाठ सोडायला गेले तसा चाचांनी हात वर केला.

"रुको बाई. खोलू नक्को. आधी बाहेरूनच बघू द्या."

पिशवी उजेडाला धरून त्यांनी उलटसुलट केली. मग चष्मा कपाळावर सरकवून बाटली डोळ्याशी नेली.

"ढेकूण असतील म्हणून सगळं घर फवारलं चाचा," मी म्हटलं.

"ढेकूण?" ते हसले. "ढेकूण कपडा कायकू खाईल बाई? त्याला माणसाचं रगत लागते. अन् ढेकूण असतो चपटा, अंगावर केस न्हाई. ह्ये बघा, कसं झबरं हाय. पट्टे दिसून राहिले का? अन् मागं शेपटाला झुबका? ही कसर हाय. लोकरीची कसर. आमच्या धंद्याची दुश्मन अन् आमची रोजीपण तिच्यावरच."

"मग लुगड्याला कशी नाही लागली? आणि घरात वीस शाली आहेत, एकीलाही नाही."

"लुगडं सूत हाय. सूत तिला गोड लागत न्हाई. अन् त्या वीस शाली सत्काराच्या असतील." मी मान डोलावली. "त्या नायलॉनच्या असतात बाई. कसर नायलॉन कायकू खाईल? ही एकच खरी लोकर हाय घरात. कुणी दिली?"

"आईनं," मी म्हटलं.

चाचांनी बाटली माझ्या हातात परत दिली. मग त्यांनी विचारलं, "घरात कुठं पाखराचं घरटं हाय का? न्हाईतर कुठं उंदीर मरून पडला आसंल? ही आधी तिथं जन्म घेती, पिसावर, वाळक्या कातड्यावर. मग फिरत फिरत लोकरीपर्यंत येती. आधी तिचं घर शोधा. अन् शाल परत घेऊन जा, अशी मी दुकानात ठेवणार न्हाई, लोकाच्या कपड्याला लागंल. आजकाल फ्रीजच्या बर्फाच्या खान्यात ठेवतात. पंधरा दिवस ठेवा, मग उन्हात झटका, मग माझ्याकडं आणा."

घरटं म्हटल्यावर मला तिथंच, त्या गल्लीत, आमचा कूलर आठवला. दादांच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर आहे. पावसाळा लागला की आम्ही तो ताडपत्रीनं झाकून टाकतो. दिवाळीच्या सुमारास दादा मला म्हणाले होते, "कूलरमागं पारव्यानं घर केलंय. काढून टाकू का?" आणि मीच म्हटलं होतं, "पिल्लं आहेत दादा, राहू द्या." पुढं पिल्लं उडाली की नाही ते मी पाहिलंच नाही. पण खिडकीच्या कट्ट्यावर रोज मोहरीएवढे ठिपक्याठिपक्यांचे किडे पडलेले असायचे, ते मात्र मी महिनाभर न बघता झाडूनं भरून टाकत होते.

घरी आले तर दादा पलंगावर बसलेले. बाजूला कपड्यांनी भरलेली पिशवी. हात उशीखाली चाचपडत होते.

"इथली शाल?"

"माझ्याकडे आहे." मी पिशवी दाखवली. "दादा, तिला कसर लागलीय. भोकं पडलीत."

त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "लई?"

"बरीच. पण रफू होईल म्हणालेत. आणि ऐका, तुम्हाला खरूज नाही. किनवटहून काहीही आलेलं नाही. आपल्याच खिडकीतून आलंय. मी ठेवलेल्या घरट्यातून."

त्यांनी कपड्यांची पिशवी जवळ ओढली. "मला थांबवायला सांगून राहिलीस का?"

"उठा. दाखवते."

नवऱ्यानं बाहेरच्या बाजूनं ताडपत्री सोडली, कूलर पुढे ओढला. मागे काड्यांचं घरटं होतं, पिसं होती आणि पारव्याचं एक वाळून गेलेलं पिल्लू. नवऱ्यानं काडीनं पिसं बाजूला केली. खाली त्याच केसाळ अळ्या, दहा-पंधरा, सावकाश हलत होत्या. तिथून खिडकीच्या फटीपर्यंत वीतभर अंतर. फटीच्या आतल्या बाजूला दादांच्या पलंगाचं डोकं.

दादा खिडकीला धरून खूप वेळ पाहत राहिले. त्यांचे खांदे हलले तेव्हा मला वाटलं हसतायत. ते हसत नव्हते.

"मला वाटलं," ते म्हणाले, "मलाच काहीतरी जडलं. पोरीला लागलं माझ्यामुळं."

मी त्यांचा हात धरला. कित्येक दिवसांत धरला नव्हता. "माझं चुकलं दादा. त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

"अगं माय," ते म्हणाले, "तू तर इंजेक्शन देणाऱ्या नर्सवानी पटकन टोचून मोकळी झालीस. मीच धरून बसलो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाटलीसकट माझ्या शाळेत नेलं. प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली अळी ठेवली आणि त्यांना खुर्ची दिली. पुढे सहा बारके पाय, अंगावर गडद-फिकट पट्टे, मागच्या टोकाला केसांचे झुबके. हात लावला की झुबका पंख्यासारखा फुलायचा. दादांनी डोळा लावला आणि ओरडलेच, "अगं, हे तर अस्वल दिसून राहिलं! आपल्या जंगलातलं!" मग मी घरच्या खिडकीच्या कट्ट्यावरून आणलेला एक मेलेला किडा ठेवला. गोल, पाठीवर पांढरी-पिवळी-तपकिरी रांगोळी. ही अळी मोठी होऊन तो किडा होतो. तो फुलांवर जातो, परागकण खातो, लोकरीच्या वाटेला जात नाही. खाते ती अळीच. हे सगळं मी त्यांना सांगत होते आणि ते माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यासारखे "हाव, हाव" करत होते.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना बाटली दाखवली. त्या म्हणाल्या, "ही चावत नाही. हिचे केस गळून अंथरुणात पडतात, ते कातडीला लागतात. काहींना त्याचं पित्त उठतं. एकाचं दुसऱ्याला होत नाही. घर स्वच्छ करा, महिन्याभरात जाईल." त्यातलं एक वाक्य दादांनी त्यांना दोनदा म्हणायला लावलं. एकाचं दुसऱ्याला होत नाही.

मग घर स्वच्छ करायचा आठवडा. घरटं काढून जाळलं. पलंग उभा करून त्याच्या फटी झाडल्या, कपाटाचे कोपरे ओल्या फडक्यानं पुसले, चादरी गरम पाण्यात काढल्या, गाद्या गच्चीवर फाल्गुनाच्या उन्हात दिवसभर. खिडकीला जाळी बसवली. शाल पिशवीतच फ्रीझरमध्ये, मटारच्या शेजारी. नवऱ्यानं एकदा चुकून तीच काढून ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "आज शालीची भाजी का?" दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पहिल्या दोन दिवसांतच आमची लेक परत त्यांच्या मांडीवर होती. तिला कोणी काही समजावून सांगितलं नाही, त्यांनीच तिला उचललं.

पंधरा दिवसांनी मी आणि दादा शाल घेऊन चाचांकडे गेलो. चाचांनी शालीच्या काठातूनच धागे ओढून काढले आणि त्याच धाग्यांनी विणायला बसले. सगळी भोकं बुजणार नाहीत, मोठी दोन दिसतील, असं त्यांनी आधीच सांगितलं. दादा समोरच्या स्टुलावर बसून राहिले. चाचांनी विचारलं, "भाई, काय काम करत होता?" दादा सांगत गेले. वसतिगृह, जंगल, थंडी, दोनशे लेकरांचा स्वयंपाक. मी मध्ये चहा आणला. दुपार उतरेपर्यंत चाचांची सुई चालू होती.

परत येताना रिक्षात दादा शाल मांडीवर घेऊन बसले होते. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "वसतिगृहात पोरांना खरूज व्हायची. दर थंडीत. मी त्यांना वेगळं काढायचो. निजायला वेगळी खोली, जेवायला व्हरांड्यात. बाकीची पोरं आत पंगतीत."

"ते बरोबरच होतं दादा. खरूज पसरते. ही गोष्ट वेगळी."

"बरोबर होतं. पण एखाद्या दिवशी मीपण आपलं ताट घेऊन व्हरांड्यात बसलो असतो तर काय झालं असतं? सुचलंच न्हाई. आता गॅलरीत बसून जेवलो तवा सुचलं."

रिक्षा चालत राहिली.

त्यानंतर चार दिवसांनी ते त्यांच्या जुन्या वहीत बघून कोणाला तरी फोन लावत होते. मी स्वयंपाकघरात होते, आवाज येत होता. "अरे, ओळखलं का? मी अधीक्षक. हाव, तोच." मग खूप वेळ इकडचं तिकडचं, आणि शेवटी अडखळत, "तुला मी व्हरांड्यात बसवायचो ना रे जेवायला. सातवीत." पलीकडून इतक्या जोरात हसणं ऐकू आलं की ते माझ्यापर्यंत पोचलं.

तो आता माहूरला एसटीत कंडक्टर आहे. चैत्रात एक दिवस ड्यूटी संपवून तो आमच्या घरी आला, खाकी शर्टातच. पिशवीत रेणुकेचा प्रसाद आणला होता. चाळिशी गाठलेला माणूस, पण दादांसमोर खुर्चीत टेकायला तयार नाही. शेवटी आम्ही सगळेच खाली पंगतीत बसलो. जेवता जेवता दादांनी पुन्हा तोच विषय काढला. तो घास हातात धरून म्हणाला, "सर, खरं सांगू का? आम्हाला व्हरांड्यातच बरं वाटायचं. वारं यायचं. अन् आचारीमामा आम्हाला गुपचूप एक भाकर जास्त द्यायचे."

"गुपचूप?" दादा म्हणाले. "अरे, ती मीच द्यायला सांगायचो त्यांना."

मग दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळून जेवायला लागले. मी वाढायला उठले तसं दादांनी मला हातानं खाली बसवलं, दुरडी स्वतःकडे ओढली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.